गडगा: ४० फुटांच्या प्रकल्प नोंदी

काम: कलमबागेच्या वरच्या अंगाचा पडका गडगा (कोरड्या दगडांची कुंपणाची भिंत) मोडून पुन्हा घालणे
जागा: राजापूर तालुका, सड्याच्या (जांभ्याच्या कातळी पठाराच्या) उताराखालची बाग
माप: लांबी ४० फूट, उंची ४ फूट, रुंदी तळाला ३० इंच, माथ्याला १८ इंच
माल: जुना जांभा आणि बेड्याच्या (आडव्या बांबूंच्या फाटकाच्या) टोकासाठी ३० नवे चिरे (जांभ्याचे कापीव ठोकळे). चुना, सिमेंट, माती काही नाही.

२ एप्रिल २०२५: पाहणी

देवळापुढचं वृंदावन घडवणारा पाथरवट कारागीर. गणपतीच्या शाळेत माती मळणारा मूर्तिकार. गडगा घालणारा मात्र गडी. दगडावर दगड ठेवायला काय अक्कल लागते, असा एकूण समज, आणि म्हणून गडग्याचं काम उरकून टाकायच्या कामांत मोडतं. या प्रकल्पात तेच काम, त्याच मालानं आणि त्याच हत्यारांनी करायचंय. कमानी, नक्षी, रंग असलं काही वाढवायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर जो निर्णय एरवी हात आपसूक घेतो, तो जाणून घ्यायचा आणि का घेतला ते लिहून ठेवायचं, एवढीच भर.

पडका गडगा आधी वाचावा लागतो. इथले दगड सगळे खालच्या अंगाला पडलेत. दोन्ही अंगांना सांडले असते तर आतली भर बसली असं म्हणता आलं असतं. एकाच अंगाला पडतात तेव्हा वरून काहीतरी रेटत असतं. सड्यावरून वाहून आलेला गाळ आणि पातेरा (वाळका पाला) वरच्या अंगाला साठून दीड फूट चढलाय. गडगा घातला होता कुंपण म्हणून, आणि गाळ चढत गेला तसं त्याला बांधाचं काम करावं लागलं.

दुसरं कारण सिमेंट. मागच्या कुठल्यातरी डागडुजीत खालच्या अंगाचे सांधे सिमेंटनं भरलेत. गडग्याचं अंग मोकळं असतं ते पाणी सुटावं म्हणून. सांधे बुजले की वरून शिरलेलं पाणी आत तुंबतं, बारीक माती भरीत उतरते, ओली होऊन फुगते आणि गडग्याचं पोट सुटतं. उभ्या राहिलेल्या टोकाजवळ ते पोट अजून दिसतं, दोरी लावली तर चार इंच बाहेर. त्याच टोकाला एक उभा सांधा सलग तीन थर वर गेलाय, तडा तिथूनच सुरू झाला. वडाचं एक रोपही सांध्यात रुजलंय. मूळ अजून अंगठ्याएवढं, म्हणजे पडण्यात त्याचा हात नसावा, पण आणखी पाच वर्षांत नक्की असता.

हिशेब: सरासरी रुंदी २ फूट, उंची ४, लांबी ४०, म्हणजे ३२० घनफूट. त्यात पोकळी तीस टक्के धरली तर दगड सुमारे १३ टन. हा सगळा दोनदा हातातून जाणार, मोडताना एकदा आणि रचताना एकदा.

६ एप्रिल: मोडणं आणि मांडणं

वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा, मग थेट चारनंतर. दुपारी जांभा इतका तापतो की दगड धरवत नाही, आणि बागेत आंबा उतरवायची घाई असते ती वेगळीच.

पहिला नियम हाताचा. दगडाखाली हात घालायचा नाही. आधी पहारीनं दगड आपल्या बाजूला कलता करायचा, खाली पाहायचं, मग उचलायचा. सड्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. तो लहान, मातकट, आणि हलत नाही तोवर दिसत नाही. लाल विंचूही याच जागी. फुरसं चावलं तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही न करता सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचायचं. विंचवालाही दवाखानाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून कोकणात या दंशानं होणारे मृत्यू फार कमी झाले, पण त्यासाठी माणूस वेळेत तिथं असायला हवा. दवाखाना कुठला आणि गाडी कुणाची, हे काम सुरू करायच्या आधी ठरलेलं असावं.

पडलेला भाग साफ केला तरी दोन्ही टोकांचा उभा गडगा सरळ कापायचा नसतो. तो पायऱ्यापायऱ्यांनी मोडायचा, प्रत्येक थर खालच्यापेक्षा फूटभर मागे. नवे थर त्या पायऱ्यांवर बसतात आणि जुनं-नवं एकमेकांत गुंततं. सरळ कापलं तर चार फूट उंचीचा एकच उभा सांधा तयार होतो, आणि पुढचा गडगा तिथूनच सुटतो.

मांडणीला जेवढा वेळ जाईल तेवढा द्यावा. पायाच्या रेषेपासून दोन्ही अंगांना अडीच फूट वाट मोकळी. वाटेलगत पायाचे मोठे धोंडे, त्यामागे थरांचे दगड, सर्वांत लांब माथ्याचे चपटे, कारण ते शेवटी लागणार. ज्यांची लांबी दोन फुटांच्या वर आहे असे सगळे वेगळे काढायचे आणि थरात वापरायचा मोह टाळायचा. मुठीएवढ्या दगडांचे आणि कपच्यांचे ढीग दर सहा फुटांवर एक. माल निम्मा वरच्या अंगाला, निम्मा खालच्या. दगड उलथे ठेवायचे नाहीत. काळं पडलेलं, दगडफूल चढलेलं तोंड वर दिसेल असा प्रत्येक दगड मांडायचा. ते तोंड पुन्हा बाहेरच जाणार आहे.

नीट मांडलेला माल पाहिला की गडगा निम्मा डोळ्यांत तयार होतो. ढिगातून शोधत शोधत रचणाऱ्याचा दगड आधी हातात येतो आणि जागा मागाहून शोधली जाते. मांडलेला माल असला की आधी जागा दिसते, मग तिला लागणारा दगड.

११ एप्रिल: दगडाची पारख

जुन्या मालातला सातवा-आठवा हिस्सा थरासाठी बाद झाला. पारख कानानं होते. हातोड्याच्या हलक्या ठोक्याला चांगला जांभा टणक वाजतो, कुजका बद्द आवाज देतो. छिद्रांत पिवळी-पांढुरकी चिकण भरलेली असेल आणि नखानं सुटत असेल तर तो दगड पायात नको. पावसात चिकण धुऊन जाते आणि दगड आतून पोकळ होतो. असे सगळे फोडून भरीत घातले. चिकण पडून गेली, राहिले ते गाठाळ तुकडे भरीला उत्तम.

चिरे आले. माप १४ × ९ × ७ इंच, एकेक साधारण ३० किलोचा. खाणीतून नुकता निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो, वाऱ्याउन्हावर पडला की कडक होत जातो. म्हणून ज्याची कड तासायची, कोपरा उडवायचा, ते पहिल्या दोन-चार दिवसांत करून घ्यायचं आणि मग उन्हात मोकळे रचून ठेवायचे, मधे बोटभर फट ठेवून.

चिरे फक्त बेड्याच्या टोकाला. संपूर्ण गडगा चिऱ्यांचा का नाही, असं विचारणारे भेटतात. यंत्रानं कापलेल्या चिऱ्याची तोंडं सपाट आणि गुळगुळीत असतात. चुन्या-सिमेंटच्या भिंतीला ती सोयीची पडतात, कोरड्या रचाईत मात्र घसरतात. ओबडधोबड जांभ्याचे खाचखळगे एकमेकांना धरतात. तेच इथलं सिमेंट.

१५ एप्रिल: पाया

चर ३४ इंच रुंद, म्हणजे तळापेक्षा दोन्हीकडे दोन इंच जास्त. खोली ठरवायची नाही, कडक लागेपर्यंत जायचं. वरच्या बारा फुटांत सहा इंचांवरच कातळ लागला, मधल्या भागात नऊ इंचांवर घट्ट मुरूम, आणि जुन्या व्हाळीच्या (पावसाळी ओहोळाच्या) जागी दीड फूट खणावं लागलं. तिथं वर भुसभुशीत गाळ होता. गाळावर पाया घातला तर तेवढाच तुकडा खचतो आणि दोन्ही बाजूंचे थर त्याच्याकडे वाकतात.

जमिनीला उतार आहे, ४० फुटांत सुमारे तीन फूट. पाया उतारासोबत तिरका नेत नाहीत. टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्पा पातळीत ठेवायचा. तिरक्या पायावरचा प्रत्येक दगड हळूहळू उताराकडे सरकायला बघतो, आणि सगळा भार खालच्या टोकावर येतो. उघड्या कातळावर छिन्नीनं टवके काढून पृष्ठ खरबरीत केलं.

पायाचे धोंडे लांबी आत घालून बसवायचे. धोंडा लांबीनं बाहेर दिसला की कमी दगडांत जास्त रेघ भरते, काम झपाट्यानं पुढे गेल्यासारखं वाटतं, आणि गडगा कमजोर होतो. हा मोह पायापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थरात उभा राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लांबी आत घातलेली आहे की नाही हे फक्त रचणाऱ्याला ठाऊक.

४० किलोच्या वरचे धोंडे उचलायचे नाहीत. माडाच्या फळीवरून लोळवत आणायचे, पहारीनं वळवायचे.

१८ एप्रिल: चौकट आणि दोरी

चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांच्या दोन चौकटी केल्या. खाली ३० इंच, वर १८, उंची ४८. म्हणजे दोन्ही अंगं चार फुटांत सहा-सहा इंच आत कलतात. या कलामुळे दोन्ही तोंडं एकमेकांवर रेलतात आणि वजन मधे येतं. सरळ उभा गडगा दिसतो ऐटबाज, पण त्याला पोट सुटायला निमित्त पुरतं.

चौकट ओळंब्यानं उभी करायची. जमीन उताराची असली तरी चौकट उभीच, जमिनीला काटकोनात नाही. दोन चौकटींत दोन्ही अंगांना सुतळी ताणली, प्रत्येक थराला वर सरकवायची. दगड सुतळीला शिवता कामा नये, काडीभर आत राहिला पाहिजे. एक दगड शिवला की तो सुतळी ढकलतो, पुढचे दगड ढकललेल्या सुतळीला लावले जातात, आणि दहा फुटांवर गडगा इंचभर वाकडा गेलेला असतो. तरीही दर थोड्या वेळानं टोकाला जाऊन उकिडवं बसायचं आणि एक डोळा मिटून रेघ पाहायची. सुतळी वाऱ्यानं हलते.

२२ एप्रिल: थर

दोन माणसं, दोन अंगं. एकानं खालचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं वरचं, आणि दोन्ही थर बरोबर चढवायचे. एक तोंड दोन थर पुढे गेलं की मधली भर एका बाजूनं उतरती राहते आणि दुसऱ्या तोंडाच्या दगडांना आतून टेकू मिळत नाही.

सांधा फुटलाच पाहिजे: एकावर दोन, दोनावर एक. दगड पातळीत, किंवा बाहेरच्या अंगाला किंचित कललेला चालेल. आत कललेला दगड पाणी भरीत नेतो. तो डुगडुगत असेल तर पाचर आतून मारायची. बाहेरून मारलेली पाचर पाहुणी असते, पहिल्या थंडी-उन्हात ढिली होते आणि गुराच्या एका धक्क्यानं पडते. गडग्याच्या बाहेरच्या अंगावर बारक्या कपच्या दिसल्या की समजावं, इथं घाई झाली.

जांभ्याची एक खोड आहे. त्याच्या कडा भुरभुरतात. काळा दगड तीन टेकांवर उभा राहील, जांभ्याला टेक रुंद लागतो. उंचवट्याच्या एका टोकावर भार दिला तर ते टोक चुरतं, दगड बसतो आणि वरचा सांधा उघडतो. म्हणून बसवण्याआधी दगड उलटा करून खालचं अंग बघायचं, टोक असेल तर हातोड्यानं मोडून सपाट करायचं. दोन किलोचा हातोडा पुरतो. ठोका कडेपासून आत दोन बोटं आणि बाहेरच्या दिशेनं द्यायचा. आतल्या दिशेनं मारला तर दगड मधोमध जातो.

उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याला जागा शोधायचीच, असं जुने रचणारे सांगतात. हे शब्दशः पाळलं तर दगड कुठेतरी कोंबला जातो. त्यातला कामाचा भाग एवढाच की उचलण्याआधी पाहायचं. जागेकडे बघायचं, तिची रुंदी, उंची आणि खालच्या दगडाचा उतार डोळ्यांत धरायचा, मग मालाकडे वळायचं. ज्याला ही नजर येते त्याच्या हातात दगड फिरत नाही. तेवढ्याच वेळात थर जास्त होतात, आणि कमर वाचते.

तीन-चार थरांनंतर दोन हात ओळखू यायला लागले. खालच्या अंगाला लांबट, चपटे दगड आणि दबलेले थर, वरच्या अंगाला चौकोनी, उंच. सारखेपणासाठी अंगं बदलावीत का? बदलली नाहीत. ज्याचा हात ज्या दगडाला वळतो तिथं काम बिनचूक होतं, आणि खालून पाणंदीनं जाणाऱ्याला एका वेळी एकच अंग दिसतं.

२७ एप्रिल: भर

ही नोंद लांब आहे, कारण गडगा टिकतो तो इथं.

दोन तोंडांच्या मधली जागा भरायला ढिगातलं घमेलं उपडं करण्याची पद्धत सर्रास आहे. फावड्यानं कपच्या, माती, मुरूम, पातेरा सगळं आत. गडगा त्या दिवशी भक्कम दिसतो. कोकणातल्या तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात माती धुऊन खाली जाते, कपच्या खाली बसतात, मधे पोकळी होते. मग दोन्ही तोंडं सुट्या भिंतींगत उभी राहतात आणि ज्या अंगाला रेटा कमी तिकडे पोट निघतं.

भरीचा प्रत्येक दगड हातानं ठेवायचा. मुठीएवढे आधी, ते बसवून झाले की बारके, मग कपच्या. माती नाही. भुसाही नाही, चाळून काढायचा. भरीचा दगडही थराच्या दगडासारखाच बसवायचा: तोंडाच्या दगडाचं शेपूट (आत गेलेलं टोक) जिथं संपतं तिथं घट्ट टेकेल असा, शेपटाखाली पोकळी असेल तर तिथं आधी. भर थराच्या पातळीला आली की तिच्यावर उभं राहून पाहायचं. पायाखाली हललं, तर उकरून पुन्हा. थर भरल्याशिवाय पुढचा थर लावायचा नाही. दोन थर चढवून मग वरून भर ओतली तर खालच्या थराच्या शेपटाखाली ती पोचतच नाही.

एकूण आकाराचा तिसरा हिस्सा भरीचा असतो आणि वेळही जवळपास तेवढाच जातो. बाहेरून तिचा एक दगड दिसत नाही. हजेरीच्या कामात पहिली काटछाट इथं होते ती त्यामुळेच; लबाडी असतेच असं नाही. 'आज किती फूट झाला' असं मालक विचारतो, आणि फूट मोजले जातात ते तोंडाचे. म्हणून या कामाचा दर फुटावर ठरवला नाही. ज्यांना गडगा घालून घ्यायचाय त्यांनी रोज एकदा वर चढून भरीवर उभं राहावं, फुटांची चौकशी आपोआप कमी होते.

२ मे: मोरी

पाणी अडवायचं नाही, वाट दाखवायची. व्हाळीच्या जागी तळाशी एक मोरी ठेवली: रुंदी ९ इंच, उंची ७. वर अडीच फूट लांबीचा अखंड दगड, दोन्हीकडे साडेदहा इंच टेकलेला. मोरीचा तळही फरशीनं बांधला, वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला दोन इंच उतार. तळ मातीचा ठेवला तर पहिल्या झडीत खड्डा पडतो आणि पाया उघडा होतो.

वरच्या अंगाचा गाळ उपसून बागेत कलमांच्या आळ्यांना टाकला. गडग्यापासून दोन फूट वर एक चर, फूटभर रुंद, नऊ इंच खोल, मोरीकडे उतरता. गडगा आणि चर यांच्यामधली दोन फूट जागा उघडी ठेवायची, पातेरा साठू द्यायचा नाही. गाळ पुन्हा चढेल तो इथूनच.

६ मे: आरपार दगड

दोन फूट उंचीवर गडग्याची रुंदी २४ इंच होते. तिथं वेगळे काढलेले लांब दगड आडवे घातले, दर चार फुटांवर एक, दोन्ही तोंडांपर्यंत पोचणारे. दहा हवे होते, जुन्या मालात सातच निघाले. उरलेल्या तीन जागी दोन-दोन दगड दोन्ही अंगांकडून आत नेऊन शेजारी शेजारी फूटभर गुंतवले आणि त्यांवर जड दगड दाबला. अखंड दगडाची सर येत नाही, पण चालतं.

आरपार दगडाची टोकं बाहेर काढायची की तोंडाशी सारखी ठेवायची? बाहेर काढली तर गुरं अंग घासतात, आणि पोरांना चढायला पायरी होते. सारखी ठेवली.

१४ मे: बेड्याचं टोक

चार फूट उंचीला सात इंची चिऱ्यांचे सात थर. एका थरात चिरे लांबीनं आडवे, पुढच्या थरात लांबी गडग्यात शिरलेली, असे आळीपाळीनं. दुसऱ्या प्रकारचे थर टोकाला गडग्याशी बांधून ठेवतात. सगळे आडवे घातले तर टोक सुटा खांब होऊन राहतं. घसरू नयेत म्हणून चिऱ्यांच्या टेकत्या तोंडांवर छिन्नीनं तिरके टवके मारले. बेड्याचे खांब टोकाला टेकवायचे नाहीत, चार बोटं सोडून वेगळे पुरायचे. बांबू काढता-घालताना बसणारा हिसका गडग्याला लागू नये.

२१ मे: पाऊस

वळवाचा म्हणून आला आणि थांबेना. माथ्याचे दहा फूट बाकी. कोरड्या रचाईला पावसाचं वावडं नाही, सिमेंटचं काम असतं तर वाहून गेलं असतं. अडचण दुसरीच. उघड्या भरीत वरच्या अंगाची माती शिंतोड्यांनी उतरते. उघडा भाग झावळांनी झाकला, वर ताडपत्री. ओला जांभा पाणी पितो, ३० किलोचा चिरा दोन-तीन किलोनं जड होतो आणि हातातून निसटतो. सरीत काम बंद.

२६ मे: माथा

मोसमी पाऊस काल देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीच्या तारखेच्या दहाएक दिवस आधी. आज उघडीप मिळाली तेवढ्यात माथा पुरा केला.

माथ्याचे दगड चपटे आणि जड, १८ इंच रुंदी एकाच दगडानं झाकतील असे, एकमेकांना घट्ट भिडवून. शेवटचा दगड वरून हातोडीनं ठोकून बसवायचा, मग पूर्ण ओळ अडकते. माथ्यावर सिमेंटचा थर घालायची पद्धत वाढली आहे. खालचा गडगा बसतो, सिमेंटचा पट्टा बसत नाही, मधे पोकळी राहते, पट्टा तडकतो आणि तुकड्या-तुकड्यांनी दगड घेऊन उतरतो. गुरं अडवायला माथ्यावर करवंदीच्या काट्या पुरेशा.

दिसण्याचा प्रश्न खरा इथं येतो, कारण लांबून दिसते ती माथ्याची रेघ. पाया टप्प्याटप्प्यांचा आहे, माथाही टप्प्यांचा केला तर कंपाउंड वॉल होते. थरांची जाडी थोडी थोडी कमी-जास्त करत वरची रेघ उताराबरोबर सलग उतरवली. मोठे दगड खाली, वर जाताना लहान, त्यानं ४ फुटांचा गडगा जमिनीत रुजल्यासारखा दिसतो. नव्यानं फुटलेलं लाल तोंड शक्यतो आत, काळं जुनं तोंड बाहेर.

एक आडवळण. याच तालुक्यातल्या सड्यांवर, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथं जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या हत्तीच्या रेघेच्या आत कितीतरी प्राणी कोरलेत. ती रेघ जाड आहे, ठाम आहे, आणि तिच्यात बारकावा नाही, कारण छिद्राळ जांभ्यात बारकावा टिकत नाही. गडग्यालाही तीच मर्यादा. टाकीनं घासून सांधे केसाएवढे करायचा प्रयत्न जांभ्यात वाया जातो, कडा झिजून सांधा पुन्हा रुंद होतो. दगड जे देतो तेवढंच मागावं: रुंद टेक, फुटलेला सांधा, सलग रेघ.

१९ जून: पहिली तपासणी

मुसळधार पाऊस चालू असतानाच बघायला जायचं, उघडिपीत काही कळत नाही. मोरीतून पाणी गढूळ पण सलग. खालच्या तोंडाच्या सांध्यांतून जागोजाग पाणी झिरपतंय, ते तसंच हवं. पाणी स्वच्छ असेल तर भर ठीक. सांध्यातून गढूळ पाणी आलं तर माती आत शिरते आहे आणि वरची चर भरली आहे, असं धरून चालायचं. इथं चरीत पातेऱ्याची गाठ अडकली होती. काढल्यावर तासाभरात सांध्यांचं पाणी निवळलं.

माथा दोरीपासून अर्धा इंच बसलाय, सगळीकडे सारखा. सारखा बसणं चांगलं.

१७ ऑगस्ट: गणपतीआधीची साफसफाई

पाणंद बेणायला (रान काढून साफ करायला) घेतली तेव्हा गडगाही बेणून टाकायची सूचना आली. बेणायचा नाही. शेवाळ, नेचे, तेरडा यांची मुळं उथळ असतात, त्यांनी दगड हलत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं मात्र दिसतील तिथून हातानं, मुळासकट. पावसात ती सहज निघतात. कोयत्यानं कापली तर बुंधा राहतो आणि दुप्पट जोमानं फुटतो. तणनाशक मारल्यास मूळ आतच कुजून पोकळी सोडतं.

१२ ऑक्टोबर: पावसानंतरचं माप

चौकटी पुन्हा लावल्या. मधला भाग जागच्या जागी. बेड्याचं टोक ओळंब्यात. मोरीच्या खालच्या तोंडाला जमीन तीन इंच खणली गेली आहे. पाणी नऊ इंचांतून जोरानं पडतं आणि तिथं फक्त मुरूम होता. पाया अजून झाकलेला आहे, पण पुढच्या पावसात उघडा पडेल. उपाय: मोरीपुढे दोन फूट लांब, दीड फूट रुंद खड्डा, त्यात उभे रोवलेले जांभ्याचे तुकडे, दाटीनं. आडव्या फरशीखालून पाणी वाट काढतं, रोवलेले तुकडे जागा सोडत नाहीत. चाळीसेक तुकडे लागतील, बाद झालेल्या मालात आहेत.

वरची चर गाळानं निम्मी भरली. मार्चअखेर, आंबा सुरू होण्याआधी, उपसायची. त्याच वेळी पलीकडचे २० फूट तपासायचे. तिथं सिमेंट भरलेले सांधे तसेच आहेत आणि दोरी लावली तर पोट दोन इंच. तो भाग पडायची वाट बघायची नाही. सिमेंट छिन्नीनं मोकळं करून एक पावसाळा पाहायचा, आणि पोट वाढलं तर मोडायचा. दोन फुटांवरचे आरपार दगड आत्तापासून हेरून ठेवायला घेतलेत. पाच लागतील, तीन व्हाळीत मिळालेत.